व्यायामाला वर्गणी लागत नाही

जयंती झाली की आमच्या तिसगावच्या वस्तीतील लेझमी समाजमंदिराच्या खुंट्यांना टांगल्या जातात, त्या पुढच्या मार्चपर्यंत कोणी खाली काढत नाही. १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा-वीस दिवस काय उत्साह असतो! रात्री नऊ वाजता पोरे-पोरी अंगणात जमतात, घाम निथळेपर्यंत खेळतात. मधेच एखादी पन्नाशीची बाई पदर खोचून दोन डाव करून जाते आणि सगळे टाळ्या वाजवितात. मिरवणूक संपते आणि पुढचे अकरा महिने तीच माणसे कंबर धरून उठतात, गुडघा धरून बसतात. लेझीम हे मुळात व्यायामाचे साधन आहे, धनुष्याला लोखंडी साखळी लावावी तशी तिची घडण, हे आम्हाला शाळेत शिकविले होते. पण ते ध्यानात यायला आम्हाला वयाची सेहेचाळिशी गाठावी लागली.

त्याचे असे झाले. वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर भरले होते. भरविणाऱ्यांत आम्हीच पुढे. दुसऱ्यांच्या रांगा लावता लावता शेवटी आमचेही बोट टोचले गेले. आकडा पाहून डॉक्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.

“काम काय करता?”

“कारकून आहोत.”

“म्हणजे बसून.”

एवढाच संवाद झाला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज व्यायाम करा म्हणून सांगितले. पुढे कामानिमित्त नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडाला वळण जुनेच) जाणे झाले, तेव्हा एका जिममध्ये चौकशी केली. काउंटरवरच्या मुलाने आधी आमच्या चपलांकडे पाहिले, मग दर सांगितला. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरायचे, बूट वेगळे, टॉवेल वेगळा. शिवाय तिसगावाहून रोज एस.टी.ने करंजी घाटातून जायचे आणि यायचे. आम्ही बी.कॉम. आहोत, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तिकिटाच्या मागे आकडेमोड केली, तेव्हा दिसले की व्यायामापेक्षा एस.टी.त बसण्यातच आमचा जास्त वेळ जाणार. ते तिकीट अजून आमच्या डायरीत आहे.

मग वस्तीतच काही करावे असे ठरविले. समाजमंदिराचा ओटा आहे, आत हॉल आहे, लाईट आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास, ज्याला यायचे त्याने यावे. आम्ही घरोघर सांगत निघालो आणि पहिल्याच घरी अडलो.

राबणे वेगळे, व्यायाम वेगळा

आमच्या शेजारी एक ऊसतोड कामगार राहतात. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी किती कोयते कारखान्यांकडे जातात ते वाचकांना सांगायला नको. शेजारच्या दादांनी तीस हंगाम केले आहेत. आमचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचं ठीक हाय. तुमी खुर्चीवर बसता. आमी जलमभर मोळ्या वाहिल्या, आमाला आनिक कशाचा येयाम?”

आम्ही निरुत्तर होऊन परतलो. पहाटे चारला उठून ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरणाऱ्या माणसाला व्यायाम कर म्हणून सांगणे ही थट्टाच वाटते. त्यांच्या कारभारणीचे तर काय सांगावे? तोडणी, मोळी बांधणी, परत आल्यावर चूल, पाणी, लेकरे. परंतु मनात एक प्रश्न राहिला. श्रम हाच व्यायाम असेल, तर सर्वांत जास्त श्रम करणारी आमची माणसे सर्वांत धडधाकट असायला हवी होती. मग पन्नाशीत त्यांच्या कमरा का जातात? शेटजी सत्तरीत काठी न घेता चालतो आणि त्याचा हमाल पंचावन्नला खाटेला खिळतो, हे कसे?

याचे उत्तर आम्हाला फार उशिरा मिळाले. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फुरसतीच्या वेळी चालणे, खेळणे, व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पण पोटासाठी अंगमेहनत करणाऱ्यांत, जितकी मेहनत जास्त तितके ते प्रमाण वाढलेले दिसले. व्यसन, शिक्षण, उत्पन्न यांचा फरक हिशेबात धरूनही! शास्त्रज्ञ याला कोडे म्हणतात. आमच्या वस्तीत मात्र हे कोणालाही कोडे वाटणार नाही.

कारण सरळ आहे. व्यायाम करणारा दमला की थांबतो, श्वास घेतो, रात्री पोटभर जेवून झोपतो. या विश्रांतीतच स्नायू भरून येतो, हृदय सुधारते. राबणाऱ्याला थांबण्याची मुभा नाही. आठ-दहा-बारा तास हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढलेलेच. वाकायचे ते एकाच बाजूला, उचलायचे ते त्याच खांद्यावर, हात चालवायचा तोच. शरीराचा एक भाग झिजत राहतो आणि बाकीचे भाग आखडत जातात. आमच्या दादांचा उजवा दंड पैलवानासारखा आहे, पण दोन्ही हात सरळ कानाशी नेता येत नाहीत. श्रमात अंग दुसऱ्यासाठी खर्ची पडते. व्यायामात ते आपण आपल्यासाठी राखतो. म्हणून राबणाऱ्यालाही दिवसातला थोडा वेळ स्वतःच्या अंगासाठी हवा, आणि त्याचा व्यायाम वेगळा हवा. त्याने पुन्हा वजने उचलायची नाहीत. आखडलेले सोडवायचे, वाकलेले सरळ करायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर आमच्यावर कोणी रागावेल. व्यायामाने मोळीचे वजन कमी होत नाही आणि मजुरीचा दरही वाढत नाही. ते काम संघटनेचे आहे आणि ते केलेच पाहिजे. पण मोर्चात चालायलाही कंबर धड लागते.

आता आमच्यासारख्या बसणाऱ्यांचे. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. गाड्या दुमजली, पूर्वी मुंबईत बेस्टच्या होत्या तशा. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा, रोज पाचशेहून अधिक पायऱ्या. पगार, वस्ती, खाणेपिणे दोघांचे जवळजवळ सारखे. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त, कंडक्टरांत कमी. मॉरिससाहेबांनी टपालखातेही तपासले. पत्रे वाटत फिरणारा पोस्टमन सुदृढ, आणि टेबलाशी बसलेला कारकून आजारी! हे वाचले त्या दिवसापासून आमच्या कचेरीत शिपायाला हाक मारून फाईल मागविणे आम्ही बंद केले. स्वतः उठून आणतो. शिपाई आधी घाबरला, आपले काही चुकले की काय म्हणून.

दाराबाहेरची माणसे

‘तुमच्याकडे तालीम नाही, जिम नाही, मग व्यायाम कसा करणार?’ असे एकाने विचारले. आम्ही त्याला म्हणालो, तालमीचे दार आपल्याला उघडे होते केव्हा? गावची तालीम बहुधा मारुतीच्या देवळाला लागून. आपल्या आजोबा-पणजोबांनी आखाडा पाहिला असेल तर लांबून.

पळवणकर बाळूंची गोष्ट आजच्या मुलांना ठाऊक नसते. चर्मकार समाजातला, १८७६ साली जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायला, रोलर फिरवायला होता. सभासदत्वाचा प्रश्नच नव्हता. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे, म्हणून तो तासन्‌तास चेंडू टाकी. तेवढ्यावर तो हिंदुस्थानातला पहिल्या दर्जाचा गोलंदाज झाला. संघात घेतल्यावरही त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरुणपणी बाबासाहेबांना त्याचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभा राहिला आणि हरला, तो भाग वेगळा. आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच, की जिमखान्याची वर्गणी न भरलेल्या माणसाने जिमखान्याच्या सभासदांना हरवून दाखविले.

समता सैनिक दलाच्या कवायतीलाही काय लागत होते? मोकळी जागा, एक काठी आणि ‘एक-दोन’ म्हणणारा एक जण. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना अजून ती आठवते. मागे एकदा त्यांच्यातल्या एकाने आम्हाला सावधान-विश्राम करून दाखविले, तेव्हा ऐंशीच्या वयात त्यांची पाठ आमच्यापेक्षा सरळ होती.

आणि चालणे तर आपल्या धम्मातच आहे. बुद्धगयेला महाविहाराच्या उत्तरेस तथागतांच्या चंक्रमणाची जागा दाखवितात. चंक्रमण म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या. अंगुत्तर निकायात तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाला अंग टिकते, प्रयत्नाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ वेळ राहते. पाचांपैकी बहुतेक लाभ सरळ शरीराचे आहेत. विहारात तास-तासभर मांडी घालून बसणाऱ्या आणि उठताना तिघांचा आधार घेणाऱ्या आमच्या ज्येष्ठ उपासकांनी याचा विचार करावा. रागावू नये.

किती आणि कुठे चालावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचाही करावा, तो तीन दिवस. म्हणजे रोजचा अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा. दम किती लागावा याची खूण सोपी आहे: चालता चालता बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. आमच्या गटातले एक शाहीर आहेत, त्यांना आम्ही विचारतो, ‘गाता येतंय का?’ येत असेल तर पाय उचला!

याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील सुमारे निम्मी मोठी माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत असे दिसून आले. पुरुषांत शंभरात ४२, बायकांत ५७. बायका जास्त, हे वाचून आमच्या घरातून हरकत आली. “दिवसभर घरात काय आम्ही बसून असतो?” हरकत रास्त आहे. पण घराबाहेर, स्वतःसाठी, हात मोकळे ठेवून बाई शेवटची केव्हा चालली होती? डोक्यावर हंडा नाही, काखेत पोर नाही, हातात पिशवी नाही, अशी? सौभाग्यवतींना बराच वेळ आठवेना.

जागेचा प्रश्न खरा आहे. आमच्या गावातून कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग जातो. पहाटेच्या अंधारात त्याच्या कडेने चालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे, हंगामात उसाचे जोडट्रेलर असतात तेव्हा तर विचारूच नका. आम्ही मढीच्या बाजूचे आतले रस्ते धरतो, उजेड झाल्यावर, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालतो. बायकांना सुरुवातीला फार ऐकून घ्यावे लागले. साडीवर बूट घातलेली बाई दिसली की पारावरचे हसणार. “काय वहिनी, हिरॉईन व्हायचंय का?” त्यावर आमच्या बायकांनी काढलेला उपाय असा की एकटीने निघायचे नाही. आठ जणी एकदम निघाल्या की हसणारा आपोआप दुसरीकडे पाहतो. ज्यांना तेही नको, त्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये भिंतीकडेने फेऱ्या मारतात. वीस मिनिटे फेऱ्या मारल्या तर घाम येतोच. मे महिन्यात आम्हीही तेच करतो, आमच्याकडचे ऊन माहीत आहे ना!

साखर असलेल्यांनी मात्र अनवाणी चालू नये. पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते. परत आल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवावी, चालताना हातपाय थरथरून दरदरून घाम फुटला तर लगेच तोंडात टाकावी. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की थांबावे आणि दवाखाना गाठावा. तिथे मर्दपणा दाखवू नये. बाबासाहेबांसारखा महापुरुषही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झाला होता, आधाराशिवाय त्यांना चालवत नव्हते. त्यांना कामापुढे स्वतःच्या अंगाकडे पाहायला फुरसत मिळाली नाही. आपल्याला अर्धा तास मिळत नाही असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

ज्यांचे पाय चालत नाहीत

हा लेख लिहायला घेतला तो खरे तर आमच्या चुलतीसाठी. नानी म्हणतो आम्ही त्यांना. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, डावी बाजू गेली. दवाखान्यातून आणल्यावर घरातल्या सर्वांनी, आम्हीसुद्धा, त्यांची फार सेवा केली. पाणी हातात, ताट हातात, उठायचे नाही, हलायचे नाही. आणि उठवायचे तेव्हा आम्ही त्यांचा तोच डावा हात धरून ओढत असू. लकव्याच्या हाताला खांद्याशी धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात. ओढले की सांधा खाली निसटतो आणि कायमचे दुखणे लागते. हे आम्हाला ठाऊक नव्हते. नानींचा खांदा आमच्या मायेनेच दुखावला. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिले तेव्हा त्या आम्हाला चांगल्याच बोलल्या. हात ओढायचा नाही, कमरेला किंवा पाठीला आधार द्यायचा. आणि रोग्याला जे स्वतःला करता येते ते त्याच्या हातून काढून घ्यायचे नाही, हळू होईना का.

त्यांनी शिकविलेले नानी आज करतात ते असे. खुर्चीवर बसून दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवायची आणि चांगल्या हाताने लकव्याच्या हाताला दुखणार नाही इतके वर घेऊन जायचे, हळूहळू खाली आणायचे. टाचा टेकवून चवडे उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा. बसल्या बसल्या एक-एक गुडघा वर, चालल्यासारखा. मग मुख्य व्यायाम: पुढे झुकून, पाय जमिनीत रोवून खुर्चीवरून उठणे आणि धपकन न पडता सावकाश बसणे. पहिले दोन महिने कोणाच्या तरी आधाराने दोनदाच होत असे. आता आधाराशिवाय पाच वेळा उठतात. हे पाच वेळा म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो: संडासाला जायला नानींना आता सुनेला हाक मारावी लागत नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, “आता मेले तरी चालंल, लाज राह्यली.” आम्ही म्हटले, नानी, आता मरायचे कशाला?

खुर्चीबद्दल एक सूचना. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, तिचे पाय फाकतात. ती भिंतीला टेकवूनच ठेवावी. लोखंडी किंवा लाकडी असेल तर उत्तम.

पाय गेले की माणूस संपला, असे एके काळी डॉक्टरही मानीत. हिटलरच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ साली इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी ते मानायचे नाकारले. स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात कण्याला मार लागलेले सैनिक त्यांच्याकडे होते. त्यांना त्यांनी खाटेवरून उठविले आणि खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी भरविली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक झाले.

त्याच पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले सुवर्णपदक आणले ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी. सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून डॉक्टरांनी पाण्यात उतरविले. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत त्यांनी विश्वविक्रम केला. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. आमच्याकडे विहिरीला पाणीच राहात नाही, तेव्हा पोहा म्हणून आम्ही कोणाला सांगत नाही. पण जे अंग उरले आहे ते कामाला लावायचे, ही त्यातली खरी गोष्ट आहे. २०२० च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच अपंगांसाठीही तेच १५० मिनिटांचे माप सांगितले. जमेल तसे, पण माप तेच.

आमच्या गटात एक मित्र आहेत. लहानपणी पोलिओ झाला, कुबडी घेऊन चालतात. ते ओट्यावर बसून लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरून उचलतात. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, वजनाची खात्री! हात कुशीपासून वर, समोर, बाजूला. चादरीचा पिळा दोन हातांत ताणून छातीकडे ओढतात. कुबडी वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात, ते सांभाळावेच लागतात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड क्षणभर उचलावे किंवा कुशीवर झुकावे. नाहीतर खालची कातडी दबून जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत.

गुडघेदुखीवाल्यांना वाटते की चालले तर गुडघा झिजेल. प्रत्यक्षात मांडीचा स्नायू दुबळा झाला की गुडघ्यावरचा भार वाढतो. बाजेवर पडून गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवावी आणि गुडघा तिच्यावर दाबून धरावा, पाच मोजेपर्यंत. दहा वेळा. मोजायचे ते मोठ्याने, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर करूच नये. जोर-बैठका ज्यांना झेपत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून उभ्याने जोर मारावेत. तोलासाठी दाराची चौकट धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहावे. धरलेला हात हळूहळू एका बोटावर येतो. म्हातारपणी पडून खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणून हा छोटासा व्यायाम आम्ही कोणालाच चुकवू देत नाही.

वर्षभराचा आमचा जमाखर्च: दोऱ्या दोन, एक घड्याळ (जुने, देणगी), लेझमीच्या तुटलेल्या साखळ्यांची दुरुस्ती. पाण्याच्या बाटल्या फुकट. पहिल्या महिन्यात अकरा जण होते, पावसाळ्यात चार उरले, आता सोळा-सतरा येतात. साखर आमची उतरली आहे, गोळ्या चालूच आहेत. व्यायाम सुरू केला म्हणून गोळ्या सोडणारे एक गृहस्थ आम्ही पाहिले, ते महिनाभराने दवाखान्यात होते. मंगळवारी आणि शनिवारी शेवटची दहा मिनिटे लेझीम असते. खुंट्या आता रिकाम्याच दिसतात.

दादा वर्षभर आले नाहीत. ओट्यासमोरून जाताना पाहायचे, हसायचे, पुढे जायचे. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक यायच्या आदल्या रात्री मात्र ते आमच्या दारात उभे. कंबर धरून. “भाऊसाहेब, ते सरळ करायचं काय ते सांगा. तिथं कोपीवर करीन.”

आम्ही तीन गोष्टी करून दाखविल्या. तासभर वाकून तोडणी झाली की उभे राहायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकायचे, पाच वेळा. रात्री उताणे पडून एक-एक गुडघा छातीशी धरायचा. मग दोन्ही पाय दुमडून बूड जमिनीवरून उचलायचे, पाच मोजायचे, खाली. दुखणे पायात उतरले किंवा मुंग्या आल्या तर बंद करून डॉक्टर गाठायचा. दादांना वाचता येत नाही, म्हणून कागदावर काड्यांची माणसे काढून दिली. कारभारणीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “ह्यातली बाई कुठंय?”

आम्ही तीन काड्यांच्या माणसांना अंबाडे काढून दिले. कागद त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत घालून नेला.